बाळपणी बाप्तिस्मा, चौदाव्या वर्षी दृढीकरण. तरी सभासद व्हायला परत पाण्यात उतरायचं?

जंक्शनवाली | रविवार, रात्री १०:१२

नमस्कार. शीर्षकात सगळं आलंच आहे, तरी सविस्तर लिहिते. दोन महिने झाले, डोक्यातून जात नाही, आणि घरी विषय काढला की आई रडवेली होते.

मी भुसावळची. वडील रेल्वेत, आजोबाही रेल्वेत. आम्ही सी.एन.आय.चे, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. दीड महिन्याची असताना माझा बाप्तिस्मा झाला. कपाळावर तीनदा पाणी. आई सांगते, दोनदा गप्प होते, तिसऱ्यांदा भोकाड पसरलं.

दृढीकरण मात्र मला लख्ख आठवतं. तीन महिने, दर रविवारी उपासना सुटली की वर्ग. प्रेषितांचा मतांगीकार, दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, सगळं तोंडपाठ पाहिजे. बिशप वर्षा-दोन वर्षांतून एकदा येणार, त्यामुळे आम्हा अकरा जणांत एक तेवीस वर्षांचा दादाही होता. त्याचं लग्न ठरलेलं, म्हणून घाईघाईने आमच्यात आणून बसवलेला. आईने त्या दिवशी माझ्या डोक्यावर इतकं खोबरेल थापलं होतं की बिशपसाहेबांनी हात उचलला आणि आधी खिशातला रुमाल चाचपला. रुमाल मिळेना. पुढच्या मुलीच्या डोक्यावर माझंच तेल गेलं असणार.

आता मुद्दा. जूनमध्ये माझी बदली नंदुरबार जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी झाली. गावात आमचं चर्च नाही. जी मंडळी, म्हणजे दुसऱ्या पंथाचं चर्च, आहे तिथे जाऊ लागले. माणसं जीव लावणारी. मला ताप आला तर तीन घरांतून भाकरी आली. म्हणून म्हटलं, पाहुण्यासारखं किती दिवस मागच्या बाकावर बसायचं, रीतसर सभासद होऊ. भुसावळहून दाखला मागवला. मंडळीच्या वडीलजनांनी (म्हणजे तिचा कारभार बघणाऱ्यांनी) तो नीट वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, "ताई, तुमच्या विश्वासाबद्दल शंका नाही. पण बाळाच्या कपाळावरचं पाणी आम्ही बाप्तिस्मा धरत नाही. साक्ष द्या, पाण्यात उतरा, मग नाव लावू." (साक्ष म्हणजे आपला विश्वास कसा जडला ते सगळ्यांसमोर सांगणं.)

राग आला नाही. वाईट वाटलं. परत घेतला तर पहिला खोटा ठरतो का? आणि नाही घेतला तर मी इथे कायमची पाहुणी का?

---

भरीतवाला | रविवार, रात्री १०:४०

ताई, मी हिंदू, जळगावचा, त्यामुळे अडाणी प्रश्न विचारतो. बाप्तिस्मा म्हणजे आमचं बारसं आणि दृढीकरण म्हणजे मुंज, असं समजू का?

---

जंक्शनवाली | रविवार, रात्री १०:५१

शाळेत मैत्रिणींना मीही असंच सांगायचे. पण नाव ठेवणं हा बाप्तिस्म्याचा मुद्दा नाही, ते जाता जाता होतं. आणि मुंजीत मुलगा कोणाच्या पोटी जन्मला ते बघतात, मुली तर बाहेरच. दृढीकरणात मुलं-मुली सगळे. बाळपणी आईबाप आणि धर्म-आईबापांनी माझ्या वतीने जे कबूल केलं, ते मी माझ्या तोंडाने कबूल करते, एवढाच त्याचा गाभा. त्यानंतर प्रभुभोजन (उपासनेतली भाकर आणि द्राक्षरस) घेता येतं, वार्षिक सभेत मत देता येतं, कमिटीवर उभं राहता येतं. म्हणजे पूर्ण सभासद.

---

नास्तिक_नाना | रविवार, रात्री ११:०५

पाणी तेच, नगरपालिका वेगळी. नवीन कनेक्शनला नवीन अनामत भरा :)

---

पाळकाची_लेक | सोमवार, सकाळी ७:३०

नाना गमतीत बोलून गेले, पण त्यांचं अर्धं बरोबर आहे. या प्रश्नाचं मूळ पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, जेवढं आहे तेवढंच नकाशात आहे. (माझे वडील चाळीस वर्षं पाळक, म्हणजे पाद्री, होते. हे सगळं जेवणाच्या ताटावर ऐकलेलं.)

इंग्रज आमदानीत मिशनांनी आपसात मुलूख वाटून घेतले होते. एकाच्या क्षेत्रात दुसऱ्याने हात घालायचा नाही. पश्चिम खानदेशात, म्हणजे नवापूर, नंदुरबार, धुळे या बाजूला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन आलं. फ्रेडरिक फ्रान्सन या स्वीडिश प्रचारकाने ते १८९० मध्ये अमेरिकेत सुरू केलं. १९४९ पासून त्याचं नाव द इव्हँजेलिकल अलायन्स मिशन, थोडक्यात टीम. जळगाव, भुसावळ, चाळीसगाव आणि पुढे वऱ्हाडात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स. दोघांच्याही नावात 'अलायन्स', त्यामुळे बाहेरचे गोंधळतात. शिकवण मात्र या बाबतीत सारखी: आधी स्वतःचा विश्वास, मग बाप्तिस्मा, आणि तो बुडवून. बाळाचं समर्पण करतात, प्रार्थना करतात, पण पाणी नाही. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चची, बाळांना बाप्तिस्मा द्यायची रीत खानदेशात आली ती मुख्यतः रुळांवरून. भुसावळ जंक्शन, रेल्वेचे लोक, त्यांच्यासाठी पाद्री. तुमची आजी भुसावळऐवजी नवापुरात राहिली असती तर तुमचा बाप्तिस्मा दीड महिन्याऐवजी पंधराव्या वर्षी झाला असता. तुमचा विश्वास वेगळा असता असं नाही, तालुका वेगळा असता.

आता थोडं मागे जाते, कारण पुढचं कळलं तर तुम्हाला बरं वाटेल.

२१ जानेवारी १५२५ रोजी झुरिकमध्ये काही जणांनी ठरवलं की आपण बाळ असताना झाला तो बाप्तिस्माच नव्हे, आणि एकमेकांना विश्वासाच्या कबुलीवर बाप्तिस्मा दिला. विरोधक त्यांना 'पुन्हा बाप्तिस्मा देणारे', अ‍ॅनाबॅप्टिस्ट, म्हणू लागले. त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला १५२७ मध्ये तिथल्याच लिमाट नदीत बुडवून मारलं. मारणारे कॅथलिक नव्हते, प्रॉटेस्टंट सुधारणावादीच होते. हे आपण रविवारच्या शाळेत सांगत नाही.

तर या लोकांचं म्हणणं होतं: तुमच्या चर्चमध्ये सगळं गाव जन्मतःच सभासद, स्वतःहून कोणीच काही कबूल केलेलं नाही. जर्मनीत हेसन प्रांतात मार्टिन बुत्सर या सुधारकाची त्यांच्याशी समोरासमोर चर्चा झाली. त्याला त्यांचा आक्षेप पटला, उपाय पटला नाही. मग त्याने १५३९ च्या सुमारास तिथे रीत घातली की बाळाचा बाप्तिस्मा राहू द्या, पण मूल जाणतं झालं की त्याला शिकवा, मंडळीसमोर त्याच्या तोंडून कबुली घ्या, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करा, आणि मग प्रभुभोजनाला बसवा. प्रॉटेस्टंटांमधलं दृढीकरण मोठ्या अंशी तिथून आलं.

म्हणजे ताई, तुमच्या वडीलजनांनी जो प्रश्न विचारला, त्याचंच उत्तर म्हणून बिशपसाहेबांचा तो तेलकट हात तुमच्या डोक्यावर होता.

---

भरीतवाला | सोमवार, सकाळी ८:०२

हे असं कोणी शाळेत शिकवलं असतं तर इतिहासात नापास झालो नसतो.

---

चिंचपाड्याचा | सोमवार, दुपारी १:१५

मी नवापूर तालुक्यातला, मावची आदिवासी. माझा जन्म तिथल्या मिशन दवाखान्यातला (१९४२ सालचा दवाखाना आहे तो, सगळा तालुका ओळखतो). आमची बाजू मांडतो, कारण वर वाचून वाटेल की आमचे वडीलजन आडमुठे आहेत.

माझ्या पणजोबांच्या पिढीत आमच्याकडे ख्रिस्ती कोणी नव्हतं. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा ते चार पोरांचे बाप होते. बुवा-भगताकडे जाणं सोडलं, दारू सोडली, भाऊबंदांनी बोलणं टाकलं. पाण्यातून बाहेर आला तो माणूसच दुसरा, असं गावाने डोळ्यांनी पाहिलं. आमच्यासाठी बाप्तिस्मा म्हणजे ते. मग आम्हाला कोणी म्हणालं, झोपेतल्या बाळालाही तेच झालं, तर गळी उतरत नाही. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पुरलं जाणं आणि उठणं लिहिलंय. ओंजळभर पाण्यात कोणाला पुरणार?

माझा स्वतःचा सांगतो. एप्रिल महिना, नदी आटलेली. म्हणून एकाच्या शेतातल्या सिमेंटच्या हौदात. मोटार चालू करून आदल्या रात्री भरलेला, तळाला शेवाळ. पाळक कमरेइतक्या पाण्यात लुंगी-सदऱ्यावर उभे. नाक दाबायचं आधी शिकवलं होतं, मी विसरलो. वर आलो तो खोकतच, आणि काठावर बायका गीत म्हणत होत्या ते मला कानात पाणी गेल्यामुळे दुरून आल्यासारखं ऐकू येत होतं. आजही ते गीत लागलं की कानात पाणी गेल्यासारखं होतं.

आता खरं बोलतो, वडीलजनांनी वाचू नये. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. आम्ही नऊ पोरं होतो, आणि वसतिगृहाची सुट्टी लागायच्या आधी 'या वर्षी घेऊन टाका' म्हणून सगळ्यांना एकदम बसवलं होतं. साक्ष पाठ केलेली. माझी आणि माझ्या चुलतभावाची साक्ष शब्दाला शब्द सारखी होती, कारण लिहून एकानेच दिली होती. माझा खरा विश्वास म्हणाल तर तो पुढे एकोणिसाव्या वर्षी, सुरतेला कामाला असताना. तेव्हा परत हौदात उतरलो का? नाही.

---

जंक्शनवाली | सोमवार, दुपारी २:४०

दादा, तुम्ही बोललात म्हणून मीही बोलते. माझं दृढीकरण 'माझं' होतं असं मी वर थाटात लिहिलं. त्या दिवशी माझं निम्मं लक्ष नव्या पांढऱ्या फ्रॉककडे होतं. बिशपनी विचारलेल्या प्रश्नांना आम्ही अकरा जण एका सुरात उत्तर देत होतो, पाढे म्हणतात तसं. म्हणूनच वडीलजनांचं बोलणं लागलं बहुतेक.

---

वसईचा_सुका_बोंबील | सोमवार, दुपारी ४:१०

कॅथलिक कोपऱ्यातून एक तळटीप. आमच्याकडे दृढीकरण हा सात संस्कारांपैकी एक. बिशप पवित्र तेलाने कपाळावर क्रूस काढतात. तुम्ही प्रॉटेस्टंट लोक बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन दोनच मानता. तुमच्या आईने घरूनच तेल लावून पाठवलं म्हणजे मनातून ती आमच्यातली. :D

क्रमही वेगळा. आमच्याकडे पोरं आठ-दहा वर्षांची असताना पहिला ख्रिस्तप्रसाद घेतात, दृढीकरण बहुधा त्यानंतर.

---

दाखल्यांचा_दास | सोमवार, संध्याकाळी ६:२०

एक गोष्ट कोणी बोलत नाही. खानदेशात कित्येक मंडळ्यांत बाकांवर माणसं जास्त आणि रजिस्टरात नावं कमी असतात. वीस वर्षं नेमाने येणारा माणूस, गीतं पाठ, दशांश देतो, पण बाप्तिस्मा नाही, त्यामुळे सभासद नाही. कारण विचारलं तर मान खाली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता, मग १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आजही नाहीत, म्हणजे बाप्तिस्म्याची नोंद झाली की तो दर्जा जाण्याची भीती. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही, त्यामुळे नवापूर-धडगावकडचा भिल्ल किंवा मावची निर्धास्त पाण्यात उतरतो; जळगावकडचा दलित घरातला पोरगा दहादा विचार करतो. दोघांचा विश्वास एकाच तराजूत कसा तोलायचा?

---

रोखठोक_धुळेकर | सोमवार, संध्याकाळी ६:४५

म्हणजे शेवटी धर्मांतरावरच आलात ना? मुळात या लोकांनी

---

संपादक | सोमवार, संध्याकाळी ७:००

वरचा प्रतिसाद पहिल्या ओळीपाशी तोडला आहे. धागा एका बाईच्या चर्च-सभासदत्वाबद्दल आहे. धर्मांतराच्या राजकारणावर आधीच चौदा धागे आहेत, तिकडे जा. दाखल्यांचा_दास यांचा प्रतिसाद विषयाला धरून आहे, म्हणून ठेवला.

---

यवतमाळी | सोमवार, रात्री ९:३०

मी युनियन बिब्लिकल सेमिनरीत शिकलो. ती यवतमाळला होती, १९८३ मध्ये पुण्याला गेली. तिथे आमच्या खोलीत चौघे: एक मेनोनाइट, एक मेथॉडिस्ट, एक अलायन्सचा आणि मी सी.एन.आय.चा. हा वाद रोज रात्री दिवे मालवल्यावर सुरू व्हायचा आणि वॉर्डनने दार ठोकलं की थांबायचा. त्यामुळे दोन्ही बाजू पाठ आहेत.

बाळांच्या बाजूने: प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये लुदिया आणि तिचं घराणं, तुरुंगाचा अधिकारी आणि त्याचं घरदार, सगळ्यांचा बाप्तिस्मा झाला. घरात लेकरं नसतीलच कशावरून? शिवाय देव आधी हात पुढे करतो, आपण नंतर धरतो. आई बाळाला 'तू माझा का' असं विचारून दूध पाजत नाही.

जाणत्यांच्या बाजूने: मत्तय २८ मध्ये 'शिष्य करा, बाप्तिस्मा द्या' असा क्रम आहे. कृत्ये ८ मधला कूशी अधिकारी स्वतः म्हणतो, 'हे पाहा पाणी'. आणि घराण्यात लेकरं होती असं शास्त्रात कुठे लिहिलंय?

हा वाद सुटायचा नाही, हे माझं मत. पण तुमचा प्रश्न वेगळा आहे, ताई. तुमचा झालेला आहे. परत घ्यायचा का?

२९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सी.एन.आय. झालं तेव्हा अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, मेथॉडिस्टांपैकी काही यांच्याबरोबर बॅप्टिस्ट, ब्रदरेन आणि डिसायपल्सही आले. म्हणजे बाळांना पाणी लावणारे आणि न लावणारे एका छताखाली. त्यांनी दोन्ही रीती मान्य केल्या. बाळ असताना बाप्तिस्मा आणि पुढे जाहीर कबुली, किंवा आधी समर्पण आणि जाणतेपणी बाप्तिस्मा. दोन्ही वाटा पूर्ण सभासदत्वालाच पोचतात. पुढे १९८२ मध्ये पेरू देशातल्या लिमा शहरात वेगवेगळ्या पंथांच्या धर्मपंडितांनी जो मसुदा केला, त्यातही बाप्तिस्मा एकदाच, पुनर्बाप्तिस्मा वाटेल असं काही करणं टाळा, असं म्हटलं. पण तुमच्या तालुक्यातली मंडळी स्वतंत्र. ती लिमाला बांधील नाही, नागपूरलाही नाही. त्यांच्या दृष्टीने ते तुम्हाला 'परत' देत नाहीतच, पहिल्यांदाच देतात. तिथेच सगळी अडचण आहे. एकाच पाण्याकडे तुम्ही दुसरं म्हणून बघता, ते पहिलं म्हणून.

व्यवहाराचं सांगतो. नाव भुसावळच्याच रजिस्टरात राहू द्या, वर्गणी तिकडे पाठवत राहा. इथे सहसभासद म्हणून घ्या असं विचारा. काही मंडळ्या घेतात: प्रभुभोजन आहे, सेवा आहे, फक्त मत नाही आणि वडीलजन होता येत नाही. आणि तुमच्या मनाला खरंच वाटलं की उतरावं, तर उतरा. पण आधी तुमच्या भुसावळच्या पाळकांशी बोला. नाव लागावं म्हणून मात्र उतरू नका. नळाचं कनेक्शन नाही ते (नाना, माफ करा).

---

अभंगवेडा | मंगळवार, सकाळी ६:५०

कवी ना. वा. टिळकांची आठवण झाली. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी त्यानंतर पाच वर्षांनी, १९०० मध्ये, स्वतःच्या पायांनी चालत जाऊन. नवऱ्याने घेतला म्हणून बायकोचा आपोआप झाला नाही, हे मला फार मोठं वाटतं. आणि गंमत अशी, की याच टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला, तो बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी. बावीस वर्षं मिशनमध्ये राहिल्यावर त्यांना रजिस्टराची चौकट अपुरी वाटली. दाखल्यांचा_दास, तुमचा बाकावरचा माणूस त्यांच्या दरबारात बसला असता.

---

पाळकाची_लेक | मंगळवार, सकाळी ८:१५

खरं आहे, पण १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार फार टिकला नाही. रजिस्टरं टिकतात. आमच्या घरी वडिलांच्या टेबलावर असायचं, कापडी पाठीचं, वाळवी लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला घातलेलं. लग्न असो, दफन असो, वर्गणीचं भांडण असो, शेवटी तेच उघडायचं.

---

जंक्शनवाली | पुढच्या रविवारी, रात्री ९:५५

सगळ्यांचे आभार, नानांचेही.

आज उपासनेनंतर वडीलजनांना भेटले. यवतमाळींनी सांगितलं तसं सहसभासदाचं विचारलं. त्यांनी आपसात मावचीत बराच वेळ चर्चा केली, मला 'भुसावळ' एवढाच शब्द कळला. मग म्हणाले, हरकत नाही, पण पुढच्या महिन्यात मंडळीसमोर साक्ष द्या. पाठ केलेली नको. (चिंचपाड्याचा, तुमचं वाचलं की काय त्यांनी!) साक्ष देणार आहे. पाण्यात उतरणार का, ते आज माहीत नाही. उतरले तर नाव लागावं म्हणून नाही, एवढं ठरलंय.

दुसरं म्हणजे, कडुलिंबाचा पाला वाचून मी भुसावळच्या पाळकांना माझ्या नोंदीचा फोटो मागितला. दाखल्यावर नुसत्या तारखा असतात, मूळ पान मी कधी पाहिलंच नव्हतं. आईबापांच्या सह्या आहेत. खाली धर्मआईच्या नावापुढे अंगठा. शेजारच्या क्वार्टरमधल्या मावशी, त्यांना लिहिता येत नव्हतं. शाई जास्त लागलेली, रेषा दिसत नाहीत, नुसता काळा गोळा.

मावशी आता ऐंशीच्या पुढे आहेत, लेकाकडे असतात. संध्याकाळी फोन लावला. त्यांना ऐकू कमी येतं, मी कोण ते तीनदा सांगावं लागलं. कळल्यावर त्यांनी तब्येत विचारली नाही, नोकरी विचारली नाही. पहिलं वाक्य: "तिकडे चर्चला जातेस ना गं रविवारी?"